पार्किंगमधला अजिंक्यतारा

दिवाळीचा किल्ला मुलं करतात, असा एक गोड गैरसमज महाराष्ट्रात रूढ आहे. सहा आणि तीन वर्षांची मुलं किल्ल्यातलं एकच काम मन लावून करतात, ते म्हणजे चिखल. तेही वीस मिनिटं. मग एकाला शू लागते, दुसरीला भूक, आणि कोपरापर्यंत चिखलात गेलेली आई एकटीच स्वराज्य सांभाळते. यंदा साताऱ्यात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मला त्यावर वरून ऐकूनही घ्यावं लागलं. ते अजून गिळलेलं नाही. पण आधी किल्ला, कारण तो चांगला झाला होता.

चार फूट बाय तीन फुटांच्या किल्ल्याला पंचवीस-तीस विटा, सात-आठ घमेली माती आणि दोन मोठी पोती लागतात. विटा गच्च रचायच्या नाहीत. मधे पोकळी ठेवली की माती कमी लागते आणि लेप लवकर वाळतो. एका बाजूला फुटकी कुंडी आडवी घातली की गुहा फुकटात होते. पोतं मात्र तागाचंच हवं. हल्ली तांदूळ, साखर, खत सगळं प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांतून येतं आणि त्यावर चिखल धरत नाही, रात्रीतून अख्खा डोंगर पायथ्याशी येऊन बसतो. तागाचा धागा पाणी पितो आणि माती पकडून ठेवतो. धान्याच्या दुकानात गोड बोलून जुनं बारदान मिळवायचं, पातळ चिखलाच्या बादलीत बुडवायचं, न पिळता विटांवर टाकायचं आणि मुठीने चेपून घड्या पाडायच्या. त्या घड्या म्हणजेच कडे आणि घळी.

माती शेतातली काळी आणू नये. ती वाळताना आक्रसते आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्याला इतक्या भेगा पडतात की शत्रूची गरजच उरत नाही. तांबडी माती चाळून, त्यात चौथा हिस्सा बारीक वाळू आणि मूठभर भुसा घालावा. चाळणी तीन वर्षांच्या मुलीच्या हातात द्यावी. एवढं एक काम ती जेवायची वेळ होईपर्यंत करते. बुरुजासाठी आइस्क्रीमच्या कपात ओली माती दाबून उपडी करायची. कपाला आतून कोरडी वाळू चोळून घ्यायची, नाहीतर बुरूज कपातच राहतो. पहिला लेप पातळ, तो अर्धा सुकला की दुसरा. पायऱ्या स्टीलच्या पट्टीने. पट्टी कंपासमधली घ्यावी लागते आणि ती परत जात नाही.

आता अळीव. पन्नास ग्रॅम पुरतात. किराणा दुकानातलेच घ्यावेत. बियाण्याच्या दुकानातल्या बियांना औषध चोळलेलं असू शकतं आणि आपल्याकडे प्रत्येक वस्तूची चव बघणारी एक सैनिक आहे. भिजवून पेरू नयेत. अळीव पाण्यात बुळबुळीत होतात, गोळा होतो, आणि मग एकाच जागी जंगल उगवतं. कोरडेच, पावडरच्या रिकाम्या, धुतलेल्या डब्यातून ओल्या मातीवर भुरभुरायचे. पाणी बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून द्यायचं. तांब्याने ओतलं की बी वाहून खाली जातं आणि आठवड्याने किल्ल्याला टक्कल, पायथ्याला दाढी. पेरायचे वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी. त्याहून लवकर पेरले तर लक्ष्मीपूजनापर्यंत रोपं लांबतात, पिवळी पडतात आणि आडवी होतात. परतीचा पाऊस आला तर काय करायचं, हे कुठल्याच पंचांगात नाही.

तर अळीव पेरून झाले होते आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. सेवानिवृत्त, हातात दुधाची पिशवी.

“हा कुठला किल्ला म्हणायचा ओ ताई?”

“अजिंक्यतारा.”

“मग दरवाजा इकडं कसा? वायव्येला पाहिजे की.”

आमच्या पार्किंगच्या वायव्येला लाइटच्या मीटरची पेटी आहे. दरवाजा तिकडे केला असता तर मावळ्यांना रीडिंग घेत घेत गड चढावा लागला असता. मी हे बोलले नाही. मी म्हटलं, “जागा नाही काका.”

“मिस्टर कुठायत?”

“ऑफिसला.”

“तरीच.”

या ‘तरीच’वर मला अजून खूप काही बोलायचं आहे. पण काकांनी तोवर वॉचमनची खुर्ची ओढून घेतली होती. दूध मांडीवर. मग यादी सुरू झाली. मंगळाईचं देऊळ कुठाय? मारुती? तळी? ताराबाईंचा राजवाडा? आणि महाराज केवढे, तट केवढा! “प्रमाण नको का काही?” ते म्हणाले.

प्रमाणाचा हिशेब मी करून ठेवलाय. बाजारातला मावळा दोन इंचांचा असतो. साडेपाच फुटांचा माणूस दोन इंचांत बसवायचा, तर शहरापासून साधारण हजार फूट उंच असलेला अजिंक्यतारा तीस फुटांचा होतो. म्हणजे पार्किंगचा स्लॅब फोडून पहिला मजला, दुसरा मजला, आणि माची काकांच्या डोक्यावरून. माझी हरकत नव्हती.

एवढ्यात चिरंजीव टॉवर घेऊन आले. उदबत्तीच्या काड्या रबराने बांधलेल्या, टोकाला मोडक्या खेळण्यातला लाल दिवा. त्याने तो बालेकिल्ल्यावर खोचला आणि दिवा लावला.

“हे काय?” काका उभेच राहिले.

“टॉवर.”

“महाराजांच्या काळात टॉवर होता काय रं?”

“रोज दिसतोय की वर!” पोरगं म्हणालं, आणि ते खरंच आहे. साताऱ्यातल्या कुठल्याही मुलाला अजिंक्यतारा काढायला सांगा, आधी टॉवर काढतो आणि मग त्याला डोंगर जोडतो.

“ताई, काढा तो. इतिहासाची चेष्टा होती.”

हे ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी ताराबाईंचा राजवाडा मागितला, ते बोलत होते. महाराजांनी हा किल्ला घेतला 1673 साली. ताराबाईंचा काळ त्यांच्या पश्चात. अजिंक्यतारा हे नावही नंतरचंच. तेव्हा हा नुसता साताऱ्याचा किल्ला. म्हणजे सिंहासनावर महाराज बसवायचे आणि शेजारी ताराबाईंचा राजवाडा बांधायचा, याला काकांची ना नाही, आणि आक्षेप फक्त उदबत्तीच्या काड्यांना. हे सगळं मला सुचलं रात्री, भांडी लावताना. त्या वेळी मी “बरं” म्हणाले.

पण काका तिथे थांबते तर ते काका कसले. त्यांनी दूध खाली ठेवलं आणि मुलाला जवळ घेतलं. डिसेंबर 1699 ला औरंगजेबाने वेढा कसा घातला, किल्लेदार प्रयागजी प्रभू कसे लढले, एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग कसे उडवले आणि दुसऱ्या सुरुंगाने ढासळलेला तट खुद्द मोगलांच्याच सैन्यावर कसा कोसळला, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मीसुद्धा चिखलाचे हात तसेच धरून ऐकत राहिले. खोटं कशाला बोलू, छान सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, “तवा लक्ष्मीपूजनाला हितं एक सुतळी बॉम्ब लावायचा. खरा इतिहास हाय हा.”

टॉवर म्हणजे चेष्टा, सुतळी बॉम्ब म्हणजे इतिहास. तेव्हापासून सहा वर्षांचा मोगल रोज सकाळी विचारतो, सुरुंग कधी? बारीक खड्यांचा आणि वाळूचा हा डोंगर उडाला तर त्यातला प्रत्येक खडा कुणाच्या डोळ्यात जाईल, हे समजावणं माझ्या वाट्याला. सुरुंग लावणारे काका तोवर ब्लडप्रेशरची गोळी घेऊन झोपलेले असतात. जाताना पिशवीतले उरलेले अळीव बघून म्हणाले, “थोडे द्या हिला, लाडवाला लागतात. नारळ आहे घरात.” मी दिले.

लहान मुलांच्या प्रत्येक सणात असं कुणीतरी खुर्ची ओढून बसलेलंच असतं. आषाढात बेंदराला मातीचे बैल आणावेत, तर पूजा होईपर्यंत हात लावू देत नाहीत, आणि पूजेनंतर पहिलं शिंग मोडलं की “अपशकुन” म्हणून मुलालाच दटावतात. कच्च्या मातीचं शिंग ते, मोडणारच. जास्तीची एक जोडी खेळायला वेगळी आणावी, एवढं साधं आहे. बोरनहाणात वर्षाच्या बाळावर बोरं, उसाचे करवे, हरभरे, गोळ्या ओतायच्या, आणि बाळाने त्यातली एक तोंडात घातली की आईकडे बघायचं. त्या वयात बी असलेलं बोर आणि कडक गोळी घशात अडकते. चुरमुरे ठेवावेत, बाकीचं मोठ्या मुलांच्या बाजूला उधळावं. हे म्हटलं की उत्तर येतं, “आमची नाही का वाढली?” रंगपंचमीला खोबरेल तेल लावून पाठवा, कानामागे आणि नखांवरसुद्धा, तरी जिन्यात कुणीतरी पक्का रंग घेऊन उभा असतोच, आणि तो कधीच लहान मुलगा नसतो. शाळेतून मिळणाऱ्या ‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दल बोलत नाही. त्यासाठी लागणारा टाकाऊ माल दुकानात विकत मिळतो, बऱ्यापैकी महाग.

राहिला किल्ला काढण्याचा भाग. तो नळाखाली धुऊन गटारात सोडू नये. माती आणि वाळू खाली बसते, गटार तुंबतं. तुळशीच्या लग्नानंतर चार दिवस पाणी बंद करून वाळू द्यायचा, अळिवाच्या मुळ्यांसकट पोतं उचलायचं, झटकायचं. माती कुंड्यांत, विटा ज्याच्या त्याला परत.

हे मी करणारच होते. पण बिल्डिंगच्या ग्रुपवर त्याआधीच सूचना आली : “पार्किंगमधील चिखल संबंधितांनी तात्काळ हटवावा.” त्याच्या जरा वर, पाडव्याच्या सकाळचा फोटो अजून आहे. “आपल्या सोसायटीचा अजिंक्यतारा.” बेचाळीस अंगठे. समोर काका, हात पाठीमागे बांधून. अळीव हिरवेगार. आणि टॉवर वरून नेमका कापलेला.