‘त्या सभेत बसून काय मिळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा वृत्तांत मी मागच्या लेखात विषयवार लिहिला होता. त्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. सत्तावीस विषयांची जंत्री कोणी वाचत नाही. सगळं आदल्या रात्रीच ठरलेलं असतं, सभागृहात फक्त हात वर होतात. ठरावाच्या कागदाला पुढे कोणी विचारत नाही. आणि मुख्य म्हणजे, मुदत संपलेल्या नगरसेवकांच्या जागी सरकारी अधिकारी प्रशासक म्हणून कारभार पाहत होते तेव्हा तुमच्या पेठेतला रस्ता चार महिन्यांत काँक्रीटचा झाला, जो नगरसेवकांना दहा वर्षांत जमला नव्हता. म्हणून सभेचं कौतुक थांबवून, ती नव्हती तेव्हाच गाव बरं चाललं होतं हे मी मान्य करावं, असं तुम्ही लिहिलंत. जोडीला माझी एक चूकही दाखवलीत.

आधी चूक. पाणीपट्टीवाढीच्या विषयाला विरोधात नऊ हात वर झाले असं मी लिहिलं होतं. त्यातला एक हात स्वीकृत सदस्यांचा होता. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्यांना सभेत बसता येतं, बोलता येतं, पण मत देता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-आरमध्येच तसं म्हटलं आहे. म्हणजे विरोधातली मतं आठ. लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

आता रस्ता. त्या रस्त्यावरून मी रोज जाते. तो चांगला झाला आहे आणि लवकर झाला आहे, त्यात वादच नाही. दुकानासमोरची धूळ गेली हे तुम्ही लिहिलंत तेही खरं. पण तुमच्या दुकानाच्या मागच्या बोळात पावसाळ्यात गेला होतात का? काँक्रीट जुन्या डांबरावरच ओतलं, त्यामुळे रस्ता वर आला आणि बोळातल्या घरांची जोती त्याच्या खाली गेली. पहिल्याच मोठ्या पावसात तीन घरांत पाणी शिरलं. तिथल्या बायका नगरपरिषदेत गेल्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की काम अंदाजपत्रकाप्रमाणे झालं आहे आणि तसा ठराव आहे. कोणाचा ठराव, कोणत्या सभेतला, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी काय, सभा झालीच नव्हती.

मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज आणि प्रतीचे पानाला दोन रुपये. महिन्याभराने ठरावाची नक्कल हातात आली. मजकूर नेहमीचाच, ‘सदर विषयाची कार्यालयीन टिपणी अवलोकन करून मंजुरी देण्यात येत आहे’. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागी आडवी रेघ. खाली एकच सही. विषय ज्यांच्या कार्यालयाने मांडला, त्यांनीच तो मंजूर केला आणि त्यांनीच कार्यारंभ आदेश दिला. सोबतच्या अंदाजपत्रकात जुना थर खरवडून काढण्याची बाबच धरलेली नव्हती. त्या अधिकाऱ्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाही. ते कामसू होते, आणि बोळातलं पाणी त्यांच्या लक्षात आलं नसेल. पण ते लक्षात आणून देणारं माणूस त्या खोलीत नव्हतं. त्या प्रभागाचा नगरसेवक, तो कसाही असो, रात्री त्याच बोळातून घरी जातो. ‘आमच्या दारात पाणी येईल’ हे त्याला निविदा निघायच्या आधी ऐकावं लागलं असतं. अधिकाऱ्यांची तोवर बदली झालेली असते.

आणि हे थोड्या दिवसांपुरतं नव्हतं. नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी, असं घटना सांगते. राज्यातल्या अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. मतदान झालं २ डिसेंबर २०२५ रोजी, काही ठिकाणी त्या महिन्याच्या २० तारखेला. मधली जवळपास चार वर्षं घरपट्टी आपण भरत होतो आणि ती कशी खर्च व्हावी हे ठरवताना आपलं कोणीही नव्हतं. त्या चार वर्षांना ‘गाव बरं चाललं होतं’ असं मला म्हणता येत नाही.

आदल्या रात्री ठरतं, हे मात्र तुमचं खरं. पार्टी मीटिंग होते, कोणी कोणता विषय उचलायचा आणि कोणत्या विषयावर गप्प बसायचं हे ठरतं. पण दुसऱ्या दिवशी तेच सगळ्यांसमोर, नावानिशी करावं लागतं. हा फरक मला आधी फार वाटायचा नाही. बाजार वसुलीच्या ठेक्याच्या विषयानंतर वाटू लागला, आणि तो विषय तर तुमच्या दुकानापुढच्याच हातगाड्यांचा होता.

झालं असं. जानेवारीतल्या सभेत ठेक्याचा विषय आला. दोन सदस्य उठून म्हणाले की गाडीमागे किती पावती घ्यायची हे ठरावात आकड्यासह लिहा, नाहीतर ठेकेदार मनाला येईल तसे पैसे घेतो. त्यांचं कोणी ऐकलं नाही, विषय मंजूर झाला. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. हा विषय अर्ध्या मिनिटात संपतो. कोणी वाचत नाही, ‘कायम, कायम’ असा आवाज येतो आणि सभालिपिक पान उलटतो. त्या दिवशी त्या दोघांपैकी एक बाई उभ्या राहिल्या. इतिवृत्तात ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलंय, आमचा विरोध कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. दहा मिनिटं आवाज चढले. शेवटी अध्यक्षांनी दुरुस्ती सांगितली आणि दोघांची नावं विरोधात लागली. मार्चमध्ये हातगाडीवाल्यांनी जादा पावत्यांची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नेली तेव्हा अर्जाला जोडायला त्यांच्याकडे तेच पान होतं. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण त्यांच्यापुढे ठराव क्रमांक, तारीख आणि काहीतरी लेखी आधार ठेवावा लागतो. ‘सर्वानुमते’ हा शब्द तसाच राहिला असता तर त्या गाडीवाल्यांच्या बाजूने बोलणारं सभागृहात कोणीच नव्हतं, असं कागदाने सांगितलं असतं.

एकट्या मताची किंमत या भागातल्या माणसांना मी सांगायला नको. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसे खर्च करायचा प्रस्ताव आला तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणत त्यांनी एकट्याने विरोधात मत दिलं. प्रस्ताव मंजूर झाला. पण आज आपण कोणाचं मत आठवतो आहोत?

ठरावाच्या कागदाला कोणी विचारत नाही, हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड गेला, कारण आपल्याकडे असे कागद खरोखर धूळ खात पडतात. तरी महाडचं पाहा. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. छोट्या गावची नगरपालिका, त्यांच्याही विषयपत्रिकेत दिवाबत्ती आणि झाडलोट असणारच. ठराव झाला आणि तीन वर्षं कोणाला तळ्यावर जाता आलं नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू पडतं. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा ते कोणाकडे नवा हक्क मागत नव्हते. नगरपालिकेने लेखी मान्य केलेला हक्क ते बजावत होते. आणि विरोधकांनी पुढे काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेला तो ठराव रद्द करायला लावला. कागदाला काहीच किंमत नसती तर तो रद्द करायची धडपड कशाला केली असती? पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तळ्यावरच्या हक्काच्या बाजूने लागला. ठराव आपणहून पाणी पाजत नाही, हे महाडने दाखवलं. आणि ठरावाचा आधार घेऊन पाण्यापर्यंत जाता येतं, हेही महाडनेच.

तुम्ही एका गोष्टीवर टीका केली नाहीत, ती मी करते, कारण ती मला खरोखर सलते. विषयपत्रिकेच्या अगदी तळाला ओळ असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सभेची नोटीस सात दिवस आधी काढायची ती कशासाठी? सदस्यांनी टिपण्या वाचाव्यात, प्रभागात विचारावं, आमच्यासारख्यांना कळावं म्हणून. आणि मग मोठ्या रकमेचा विषय दुपारी दीड वाजता, अर्धे सदस्य जेवायला उठलेले असताना, त्या शेवटच्या ओळीतून आत येतो. गेल्या तीन सभांत असे अकरा विषय मी मोजले. त्यातले काही साधे होते, पाण्याची मोटर जळली तर सात दिवस थांबता येत नाही. पण स्वच्छतेच्या ठेक्याला मुदतवाढ ऐनवेळी का यावी? मुदत कधी संपणार हे तर ठेका दिला त्याच दिवशी माहीत असतं. सभेचा खरा दोष शोधायचा तर इथे आहे. हात आदल्या रात्री ठरलेले असतात, त्यापेक्षा हे वाईट.

सत्तावीस विषय मी का छापते, हेही सांगते. शोकप्रस्ताव, अभिनंदनाचे ठराव, मागच्या महिन्याचा जमाखर्च, हे मीही एका ओळीत उरकते. पण एखादी ओळ कोणाच्या तरी दारातली असते आणि ती कोणाची हे मला आधी कळत नाही. चौदाव्या विषयाचं उदाहरण घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून उद्यानाचं प्रवेशद्वार बांधावं अशी मागणी झाली. आपल्यासारख्या शहरांना या आयोगाच्या शिफारशीने २०२१-२६ या काळात मिळालेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा होता, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. प्रवेशद्वार त्यात बसत नाही. लेखापालांनी तसं सांगितलं, विषय मागे घेतला गेला. दोन मिनिटांचा प्रकार. तो लेखात वाचून टेकडीवरच्या वस्तीतल्या एका मुलाने मला विचारलं की मग पाण्याचे ते पैसे आमच्या टाकीला का येत नाहीत. तो आता त्याच्या नगरसेवकाला हाच प्रश्न निधीचं नाव घेऊन विचारतो. आधी तो नुसतं ‘पाणी द्या’ म्हणायचा आणि त्याला ‘निधी नाही’ असं उत्तर मिळायचं.

ग्रामसभेत माणूस उठून बोलू शकतो. आपल्याला नगरपरिषदेच्या सभेत तो हक्क नाही. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या घटनेनेच सांगितल्या आहेत, आपल्या गावाला तेही लागू नाही. आपल्याला मिळालं आहे ते एवढंच, की सभा लोकांना खुली असते, अध्यक्षांनी एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं नाही तर. मागच्या बाकावर बसायचं आणि ऐकायचं. मी गेले तेव्हा पहिल्या दोन सभांना तिथे एकटीच होते, शिपायाने ‘काय काम आहे’ म्हणून विचारलं. आता आम्ही पाच-सहा जण असतो. बाकावर माणसं असली की सदस्य टिपणी उघडून बोलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढच्या सभेची नोटीस काल फलकावर लागली. मंगळवारी सकाळी साडेअकरा, जुन्या इमारतीतलं वरचं सभागृह. सहावा विषय तुमच्या पेठेचाच आहे: मागच्या बोळातलं गटार खोल करून ते मुख्य नाल्याला जोडणे. टिपणीची प्रत माझ्याकडे आहे. गटाराचा उतार कोणत्या बाजूला धरलाय ते तुम्ही पाहून सांगा, पाणी कुठून येतं हे तुम्हाला दुकानातून रोज दिसतं. प्रत उद्या संध्याकाळी दुकानात आणून देते.