ती घरं कुणासाठी होती?

सकाळपासून डोकं फिरलंय. भाचा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला माझ्याकडे आलाय आणि दोन दिवस सोफ्यावर पालथा पडून आयन रँडची 'फाउंटनहेड' ही कादंबरी वाचतोय. कौतुकाने त्याचा फोटो आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एका जुन्या दोस्ताचं उत्तर: "अजून त्या बाईला वाचतात? रद्दीत टाक." खाली सात जणांचे अंगठे.

त्या सातांतल्या किती जणांनी आयन रँड वाचलीय, मला पक्कं ठाऊक आहे. दोघांनी. तेही माझ्याच प्रतीतून.

हो, माणसाने स्वतःसाठीच जगावं असं सांगणाऱ्या या बाईचा मी भक्त होतो. तिसऱ्या वर्षाला दिवाळीत घरी गेलो आणि फराळ करता करता आप्पांना ऐकवलं, "मी कुणाचं काही देणं लागत नाही." आप्पा एसटीत. माझ्या फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलेलं, डेपोतले दोघं जामीन. हे सगळं माहीत असून बोललो. आप्पा म्हणाले, काय वाचतोस ते सांग. मी रंगवून सांगितलं. हॉवर्ड रोर्क, आर्किटेक्ट, त्याच्या नकाशात इतरांनी ढवळाढवळ केली म्हणून अख्खा प्रकल्प सुरुंग लावून उडवतो, कोर्टात भाषण ठोकतो आणि निर्दोष सुटतो. आप्पांनी चकलीचा तुकडा मोडला. "ती घरं कुणासाठी होती?"

गरिबांसाठी होती. रोर्कने उडवलेला तो प्रकल्प, कोर्टलँड, म्हणजे स्वस्त भाड्याची सरकारी घरंच. एवढं जाडजूड पुस्तक वाचलं, पण त्या शब्दाशी मी थबकलोच नव्हतो.

पण म्हणून रद्दीत? बोल्शेविकांनी या बाईच्या बापाचं पीटर्सबर्गमधलं औषधांचं दुकान काढून घेतलं, तेव्हा ती शाळकरी पोर होती. 1926 मध्ये, एकविशीत, एकटी अमेरिकेला गेली. 'सर्वांच्या भल्यासाठी' म्हटलं की तिच्या अंगावर काटा येणारच! 'फाउंटनहेड' बारा प्रकाशकांनी परत केलं, 1943 मध्ये ते आलं. ती चुकली असेल. फालतू नव्हती.

ठीक आहे, तिच्या 'ॲटलस श्रग्ड' या दुसऱ्या कादंबरीतलं नायक गॅल्टचं भाषण साठेक पानं चालतं आणि जीव नकोसा करतं. उतारवयात तिने सरकारी पेन्शन घेतली, हसा खुशाल. आणि फाउंटनहेडमध्ये रोर्क नायिका डॉमिनिकवर जबरदस्ती करतो, तो प्रसंग. आज वाचला की चीड येते. तेव्हा मला तो रोमँटिक वाटला होता, याची जास्त येते.

तरीही. आमच्या घरात कुणी काय शिकायचं, कुठे नोकरी धरायची, हे काका-मामा मिळून ठरवायचे. "मला हे पटत नाही" असं वाक्य उच्चारता येतं, हे मला या बाईने शिकवलं. त्या दिवाळीनंतर आप्पा शेजाऱ्यांना म्हणाले होते, "पोरगं बोलायला लागलं." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. विचारायचं राहिलं.

आणि ते कर्ज फिटलं तेव्हा मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. हप्ते आप्पांच्याच पगारातून कापले जात होते. देणं लागत नाही म्हणे!

मुग्धा कर्णिकांनी दोन्ही जाडजूड कादंबऱ्या मराठीत आणल्यात, ग्रुपवरच्या पाच जणांनी तेवढ्या तरी उघडाव्यात. मग टाका रद्दीत.

हे टाइप करतोय तोवर भाचा पुस्तक घेऊन आला. "मामा, रोर्कच्या भाषणाशेजारी लाल पेनने 'वा!' कुणी लिहिलंय? तीन वेळा?"

म्हटलं, जुन्या बाजारातून घेतलेलं पुस्तक आहे.