कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणून किडनी सुटली?

मावशीने काल एक मेसेज पुढे ढकलला. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह असेल तर किडनीत इन्फेक्शन नाहीच, मिलीलिटरमागे एक लाख जंतूंखालचा आकडा सोडून द्या, लघवी तपासायच्या पट्टीवर नायट्राइट (काही जंतू बनवतात तो पदार्थ) नसेल तर निर्धास्त राहा, आणि पू-पेशी दिसल्याच तर पाच दिवस सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक घ्या. खाली तिची पुस्ती: "बघ, मला काही नाहीये." तिला आठवडाभर ताप आहे, रिपोर्टात पू-पेशी भरपूर आणि कल्चर निगेटिव्ह.

शेवटचा सल्ला आधी घेते, कारण तो नुसता चूक नाही, घातक आहे. पू-पेशी आहेत पण कल्चरमध्ये काही उगवत नाही, अशा वेळी किडनीच्या क्षयाचाही (टीबीचाही) विचार करावा लागतो. नेहमीच्या कल्चरची प्लेट एक-दोन दिवसांत बघून टाकून देतात. क्षयाचा जंतू त्यावर उगवत नाही. त्याला लोवेनस्टाइन-जेन्सनसारखं जंतू वाढवायचं वेगळं माध्यम लागतं आणि सहा-आठ आठवडे धीर लागतो. म्हणून सकाळची पहिली लघवी निदान तीन दिवस द्यायची, तीही क्षयाची तपासणी असं मुद्दाम लिहून. त्यात ही सिप्रो क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबते. माणसाला बरं वाटतं, निदान लांबतं आणि आत मूत्रवाहिनी आकसत जाते.

एक लाखाचा आकडा एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरांच्या १९५०च्या दशकातल्या कामातून आला. नमुन्यात बाहेरून मिसळलेले जंतू आणि मूत्रमार्गातले खरे जंतू वेगळे ओळखण्यासाठी तो होता. थंडी वाजून ताप आलेल्या, कंबर धरून बसलेल्या माणसाला घरी पाठवण्यासाठी नव्हता.

नायट्राइटचं म्हणाल तर एन्टरोकोकस हा जंतू ते बनवतच नाही. कोरिनेबॅक्टेरियम युरिॲलिटिकम हा जंतू तर इतका सावकाश वाढतो की दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी दिसू शकते, आणि उगवलाच तरी 'त्वचेवरचा असेल' म्हणून बाजूला पडतो. तोवर किडनीच्या आत क्षारांचे थर चढतात. आणि लघवीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडला, तर तो रक्तातून तर आला नाही ना, हे बघायला ब्लड कल्चर लागतं.

बरं, एवढं मान्य: किडनीचं इन्फेक्शन झालेल्या बहुतेकांत ई. कोलाय हाच जंतू असतो आणि साधं कल्चर त्याला पकडतं. पण तेही नमुना औषधाआधी दिला तर.

मावशीला फोन करून विचारलं, नमुना देण्याआधी काही घेतलं होतंस?

"काही नाही गं. घरात उरलेल्या त्या सिप्रोच्या दोनच गोळ्या."