मीटरवर तीन, बिलात नऊ
12,430 रुपये! एका महिन्याचं लाइट बिल! दोन खोल्यांचं घर, राहणार मी आणि आई. एक फ्रिज, एक कूलर, दोन पंखे, टीव्ही. एसी नाही, गिझर नाही. सोलापूरचा मे महिना आहे, कूलर दिवसभर चालतो, बिल वाढणार हे मलाही कळतं. पण दर उन्हाळ्यात ते वाढून वाढून दीड हजारापर्यंत जातं. बारा हजार कशाचे?

बिल घेऊन मी तडक दाराबाहेरच्या मीटरपाशी गेले. बिलात मागील रीडिंग 18216, चालू रीडिंग 18971. वापर 755 युनिट. आणि मीटरवर त्या क्षणी आकडा होता 18402. रीडिंग घेऊन आठवडा झालाय, तरी मीटर अजून बिलातल्या आकड्याच्या जवळपासही पोचलेला नाही! म्हणजे त्या दिवशी असणार 18371. तीनचा नऊ केला, बस. बिलावर मीटरचा फोटो छापलाय, त्यात काचेवर उन्हाची तिरीप आणि एका कोपऱ्यात बोट. आकडा दिसतच नाही. हा फोटो कुणी एकदा तरी बघितला का?

755 युनिट म्हणजे दिवसाला 25. हजार वॉटची शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवली तरी 24 च होतात. इतक्या वर्षांत ज्या घरात महिन्याला दीडशे युनिटच्या आसपास वापर आहे, तिथे एकदम पाचपट आकडा आल्यावर बिल निघण्याआधी कुणाला शंका येऊ नये?

आणि हे जादा 600 युनिट साध्या दराने लागत नाहीत. पहिले 100 युनिट स्वस्त. 101 पासून वीज आकाराचा दर दुपटीच्या वर जातो, 301 नंतर आणखी, 500 च्या पुढे सगळ्यात महाग. न वापरलेली वीज आमच्या खऱ्या वापराच्या डोक्यावर चढून थेट त्या वरच्या स्लॅबमध्ये गेली. तिच्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे, आणि या सगळ्यावर पुन्हा 16 टक्के वीज शुल्क. जी वीज जळलीच नाही तिच्यावर सरकारी शुल्कसुद्धा आम्हीच द्यायचं!

वीज कंपनीच्या कार्यालयात तीन हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी खिडकीतून उत्तर, ‘सिस्टीममध्ये तेच दिसतंय, मॅडम.’ मोबाइलमधला मीटरचा फोटो दाखवला, तर तो चालत नाही म्हणे. त्यांच्या माणसाने काढलेला, आकडा न दिसणारा फोटो चालतो, माझा स्वच्छ फोटो चालत नाही. दुसऱ्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, ‘आधी पूर्ण भरा, मग अर्ज द्या. जास्तीचे पुढच्या बिलांत वळते होतील.’ अहो, जवळजवळ अकरा हजार वळते व्हायला सात महिने लागतील! तोवर आईच्या पेन्शनमध्ये औषधं आणायची की किराणा? चूक त्यांची आणि उसनवारी आम्ही करायची, हा कुठला न्याय?

2020 च्या लॉकडाउनमध्ये रीडिंग बंद होतं, सरासरीवर बिलं काढली आणि जूनमध्ये मोठा आकडा लोकांच्या अंगावर आला. तेव्हा निदान कारण तरी होतं. आता काय कारण आहे?

‘आधी पूर्ण भरा’ हे तर कायद्यातही नाही. वीज कायदा 2003, कलम 56. वाद मिटेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर जोडणी तोडता येत नाही. आणि तोडायची असेल तर 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे मला शोधून वाचावं लागलं. खिडकीत बसलेल्या एकाही माणसाने सांगितलं नाही. ज्यांना वाचता येत नाही, शोधता येत नाही, ते बिचारे कर्ज काढून भरत असतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला घरी आले तर घरात चिडीचूप. कूलर बंद, पंखासुद्धा बंद. बाहेर 43 अंश. आई ओला पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसलेली, चेहरा लालबुंद. ‘थोडा वेळ बंद ठेवलं तर काय होतंय गं,’ म्हणाली. सत्तरीची बाई! कुणाच्या तरी एका चुकीच्या आकड्यापायी स्वतःच्या घरात पंखा लावायला घाबरतेय. तिला किती समजावलं, तुझी काही चूक नाही, पण तिची नजर त्या बिलावरून हटत नाही. हा संताप मी कुठल्या खिडकीत जाऊन काढू?

उद्या पुन्हा जाणार आहे. अर्ज दोन प्रतींत लिहिलाय, कलमासकट. सोबत मागच्या सहा बिलांच्या झेरॉक्स. शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलणार नाही, आणि तिथे नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाईन.

हे लिहितेय तेवढ्यात आतल्या खोलीतून बटणाचा आवाज आला. आईने पुन्हा कूलर बंद केलाय.