फ्लेक्सवरच्या पोट्ट्याले टेन्शन नसते म्हणे

निकालाच्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो. यंदाही आला: "दोन वर्षं घासा, आयआयटीत लागा, मंग जिंदगीभर मजा. टेन्शन, डिप्रेशन हे शहरातल्या पोट्ट्यायचे चोचले. कास्तकाराचं पोट्टं उन्हात वखर हाकलते, त्याले काय होते? ज्याले झेपत नाही त्यानं सीट सोडावी."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. बाबांचं चार एकर कोरडवाहू. 23 पैकी एका आयआयटीत चार वर्षांची पदवी पाच वर्षांत घेतली, म्हणून उत्तर देतो.

लागलं की मजा, हे पहिलं. तिथे ग्रेड बहुतेक वेळा वर्गाच्या तुलनेत मिळते. आपापल्या तालुक्यात पहिली आलेली दीडशे पोरं एकत्र बसवली तरी निम्मी मध्याच्या खाली जाणारच, गणितच तसं आहे. मला पहिल्याच सेमिस्टरला गणिताचा बॅकलॉग लागला, म्हणजे नापास झालो, विषय पुन्हा काढणं आलं. त्यात भाषा. आयआयटीच्या प्रवेशातली पहिली परीक्षा, जेईई मेन, 2021 पासून मराठीत देता येते, दुसरी, अ‍ॅडव्हान्स्ड, मात्र फक्त इंग्रजी-हिंदीत, आणि वर्ग तर इंग्रजीतच. शंका विचारायची तर आधी मनात वाक्य जुळवायचो, तोवर सर फळा पुसून मोकळे.

नोकरी बरी लागते, हे खरं. पण सुख? 2014 मध्ये गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठानं अमेरिकेतल्या 30,000 हून जास्त पदवीधरांना विचारलं. कॉलेज किती नामांकित, यानं पुढच्या समाधानात फारसा फरक दिसला नाही. आपली काळजी करणारे शिक्षक भेटले होते का, यानं दिसला. अमेरिकेचं आहे, इथे जसंच्या तसं लावू नका. पण मला पाच वर्षांत नावानं ओळखणारे सर एकच भेटले, आणि त्यांचाच विषय मी चांगल्या ग्रेडनं काढला.

आता वखराचं. वखर हाकणं जड आहे, कबूल. पण वावरातून आल्यावर आज कितवा आलास, असं कोणी विचारत नाही. माझं ओझं वेगळं होतं: बसस्टँडवरचा फ्लेक्स. ‘तालुक्याची शान’, मधोमध मी, खाली अठरा शुभेच्छुक, त्यातले निम्मे मला ओळखतही नव्हते. शहरातलं पोरगं नापास झालं तर घरात कळतं. माझं कळलं असतं ते अख्ख्या स्टँडला. दिवाळीला गावी आलो तेव्हा आधीच्या फाट्यावर उतरून धुऱ्याधुऱ्यानं घरी गेलो. बाबांना बॅकलॉगचं सांगायला पुढचा पोळा उजाडला. ते बैलाच्या शिंगाला रंग लावत होते. मान वर न करता म्हणाले, "दुबार पेरणीच ना? मंग पेर."

एवढ्या एका वाक्यासाठी मी आठ-नऊ महिने झोप घालवली होती.

चोचल्यांचं थोडक्यात. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीत 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वाधिक 1,764 महाराष्ट्रात. हे सगळे आयआयटीचे नव्हेत, सगळ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांचा आकडा आहे. पण मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कृती दल नेमलं, तेच मुळी आयआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या प्रकरणात. चोचल्यांसाठी कोर्ट कृती दल नेमतं का?

राहिलं सीट सोडायचं. मी सोडली नाही, बॅकलॉग काढला. काहींनी सोडली आणि तेही बरे आहेत. पण सोडलेल्याला ज्या गावात परत यायचं, तिथेच त्याचा फ्लेक्स लटकत असतो, हे मेसेज पाठवणाऱ्यानं एकदा स्टँडवर जाऊन बघावं.

ग्रुपवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर टाकलाय, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि यंदाच्या फ्लेक्सची वर्गणी मागायला येणार असाल तर माझे पाचशे त्या पोट्ट्याच्या दिवाळीच्या तिकिटात धरा.