झोपले नव्हते, जरा पाठ टेकली होती

सकाळी डबा भरत होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. आमचा रात्रीचा वॉचमन खुर्चीत. मान कललेली, तोंड उघडं, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. खाली ओळ : 'बघा कसा रिलॅक्स करतोय. याचे पैसे देतो आपण.' त्यावर अंगठे, हसरे चेहरे, कोणीतरी टाळ्याही. अर्ध्या तासाने त्याच बाईंचा पुढचा मेसेज : रविवारी सकाळी गच्चीवर 'डीप रिलॅक्सेशन', माणशी ५०० रुपये, चटई आपापली आणावी.

पोळी करपली माझी.

दिवसपाळीचा जोडीदार गावाला गेलाय म्हणून हा माणूस चार दिवस दोन्ही पाळ्या करतोय. बारा अधिक बारा. हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे, कारण 'बदली माणूस नको, नवीन माणसावर भरवसा कसा ठेवायचा' हे आपणच ठरवलं. त्याच्या पापण्या मिटल्या की फोटो. आपण ५०० भरून मिटल्या की सेशन.

मला आई आठवली. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तिसरी पाळी असली की सकाळी घरी यायचे, चहा घ्यायचे आणि दहा बाय बाराच्या त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आम्ही भावंडं गॅलरीत. आई स्टोसुद्धा गॅलरीत नेऊन पेटवायची, पंपाचा आवाज नको म्हणून. अख्खा मजला हळू बोलायचा. 'पाळीवरून आलेत' एवढं म्हटलं की पुरे. त्यांच्या झोपेला मान होता, आणि असायलाच हवा होता.

आईची पाळी कुठली होती, हे मात्र कोणी विचारलं नाही. दुपारी भांडी झाल्यावर, नळाला पाणी येईपर्यंत, ती पत्र्याच्या पेटीला टेकून बसायची. दोन मिनिटांत घोरायला लागायची, चांगली मोठ्याने. शेजारच्या काकूंनी दारातून 'काय हो, झोपलात?' विचारलं की दचकून पदर सारखा करायची. 'छे हो, झोपतेय कुठली, जरा पाठ टेकली होती.' कित्येक वर्षं मला वाटायचं, पाठ टेकणं म्हणजे घोरण्याचाच एक प्रकार असावा.

आज दिवसभर हाच विचार चालू आहे. एकच क्रिया, आडवं होऊन डोळे मिटायची, पण शब्द माणूस बघून बदलतो. साहेब वामकुक्षी घेतात. आजोबा पहुडतात. नवरा 'दमून आलाय, पडलाय जरा'. सून लोळते. वॉचमन झोपा काढतो. झोपा! अनेकवचनात! त्या 'काढतो'मध्ये चोरी पकडल्याचा जो आनंद आहे ना, तो आज मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

आणि शाळेत पीटीच्या तासाला सर 'विश्राम' म्हणून ओरडायचे तेव्हा काय करायचो आपण? पाय फाकवून, हात मागे बांधून उन्हात उभेच राहायचो. वॉचमनच्या वाट्याला तोच विश्राम आलाय.

बरं, मान्य. रात्रीच्या राखणदाराने झोपू नये. उद्या कोणाची स्कूटर गेली तर मीच पहिली ओरडेन. झालं समाधान?

पण मग रविवार तरी कुठून आला, हे आठवा. याच मुंबईत गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मालकांच्या मागे लागले होते. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. सहा वर्षं लागली एका दिवसासाठी. त्याच रविवारी गच्चीवर चटई टाकणारे आपण, खाली खुर्चीत बसलेल्याला रविवार आहे का ते विचारत नाही. (नाही. महिन्याला दोन सुट्ट्या, त्याही 'अ‍ॅडजस्ट करून'.)

संध्याकाळी परत येताना त्याच्याशी बोलले. फोटोचं त्याला कळलं होतं, एजन्सीचा फोन येऊन गेला होता. पन्नाशीचा माणूस, मला बघून उभा राहिला आणि म्हणाला, 'मॅडम, सोया नहीं था, बस थोड़ी कमर सीधी कर रहा था.'

मला तिथे काही बोलता आलं नाही. लिफ्टचं बटण दाबत उभी राहिले.

हिंदीत कंबर सरळ करतात, मराठीत पाठ टेकतात. झोप म्हणायची हिंमत दोघांचीही नाही. आईच्या तोंडून 'मी झोपले होते' हे वाक्य मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. ती गेली तेव्हा गावी स्मशानाच्या वाटेवर तिरडी घटकाभर खाली ठेवली. त्या जागेला विसावा म्हणतात. पालखी वाटेत थांबते तोही विसावाच. कोणीतरी म्हणालं, 'विसावा आला, टेकवा आता.' तेव्हा रडू आलं नव्हतं. आत्ता टाईप करताना येतंय.

असो. कुठून कुठे गेले.

त्या बाई वाईट नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस डबा त्यांनीच पाठवला होता. त्यांनाही रात्री झोप लागत नाही, म्हणून तर हे गच्चीचं खूळ. पण फोटो काढताना त्या त्याच्यापासून चार फुटांवर असणार. हाक मारता आली असती. 'भाऊ, उठा, चहा घ्या.' एवढंच.

हे ग्रुपवरच लिहिणार होते. दोनदा टाईप करून पुसलं. मेंटेनन्सच्या मीटिंगला त्याच तोंडांसमोर बसायचं आहे, म्हणून इथे लिहिलं. भित्री आहे, कबूल. सोसायटीतलं कोणी वाचत असेल तर स्क्रीनशॉट खुशाल टाका तिकडे. फोटो काढायची सवय आहेच.