गेंदाचा पांढरा कागदातूनच येतो

कलाशाळेची पायरी न चढता, लहानपणापासून रानावनाच्या ओढीतून चित्रकार झालेल्या साताऱ्याच्या काकांवरचा हा लेख दोनदा वाचला. डोळे भरून आले, कारण आमचे अण्णाही तसेच. आठवडाभर दुकान सांभाळायचे आणि रविवारी रंगाची पेटी घेऊन साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर. पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून.

लेखात एक गोष्ट राहून गेली असं वाटतं. ही फुलं कागदावर उतरवणं फार अवघड आहे हो! सीतेची आसवं एवढीशी, नखावर मावतील. उभ्यानं बघितलं तर नुसता जांभळा गालिचा दिसतो, म्हणून अण्णा ओल्या कातळावर पालथे पडून बघायचे. गेंद म्हणजे पांढरं, गोल बोंडासारखं फूल; त्याच्यासाठी तर ते पांढरा रंग घेतच नसत. भोवतीचा हिरवा-जांभळा भरत जायचे आणि शर्टाच्या बटणाएवढी गोल जागा कोरी सोडायचे. धुकं उतरलं की रंग वाळायचा नाही. मग कागदावर छत्री धरून उभं राहायचं काम माझं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कागद वाया घालवत घालवतच हात बसला.

टोपली कारवी हे पठारावरचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं. अण्णांच्या चित्रांच्या वहीत त्याचे तीन बहर आहेत. अण्णा आता नाहीत, वही मात्र जपून ठेवली आहे. काकांना ती एकदा दाखवायची फार इच्छा आहे. लेखकानं तेवढा निरोप पोचवावा.